ऐंशी पायऱ्यांचं शिक्षण

अक्का, तुम्ही जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे.

लोक येतात, तुमच्या लेकाशेजारी, वसंताशेजारी बसतात, "सोनं झालं हो म्हातारीचं" म्हणतात आणि हळूच घड्याळाकडे बघत उठतात. मी तिथे बसते, पण बोलत काही नाही. मला मऊ बोलता येत नाही. तुम्हीच म्हणायचात, "ही सातारची मिरची कुणी आणून टाकली गं माझ्या दारात!" तेव्हा मिरचीनं चारचौघांत तोंड उघडू नये हेच बरं. म्हणून लिहिते आहे.

गोष्ट त्या गुरुवारची. पंधरा दिवस तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या. मी पेज घेऊन आले, दोन चमचे घेतलेत आणि म्हणालात, "शालू, एक सांगायचं राहिलंय. त्या वेळचा तो अर्ज कमलम्मानं दिला नव्हता. मी दिला होता."

मी विचारलं, "कुठला अर्ज?"

"कुत्र्याचा की."

आठ वर्षं. आठ वर्षं मी त्या पहिल्या मजल्यावरच्या कमलम्माशी एक शब्द बोलले नाही. जिन्यात ती समोर आली तर मी भिंतीकडे बघत वर चढायची. आणि तुम्ही हे सगळं बघत होतात, वरच्या कठड्याला टेकून, हातात जपमाळ घेऊन! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तुम्ही विचारलंत, "रागावलीस काय?" मी उत्तर दिलं नाही. वाटी उचलली आणि सरळ घरी आले. शुक्रवारी मी आले नाही, पेज ह्यांच्या हाती पाठवली. शनिवारी सकाळी वसंतानं बेल वाजवली आणि त्याचा चेहरा बघून मी काही विचारलंच नाही.

आता मला सगळं पहिल्यापासून सांगू द्या. तुम्हाला ते माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तुम्ही ते कधी ऐकून घेतलं नाहीत. मध्येच "ऊंऽऽ, पुरे" म्हणायचात. आता म्हणता येणार नाही.

लग्न होऊन मी बंगळूरला आले ती साठ-एकसष्टच्या सुमाराला. सगळं गाव तेव्हा बैठ्या घरांचं, कौलांचं, पुढे अंगण आणि मागे नारळ. आणि कारखान्यानं आम्हाला दिलं काय, तर तळमजल्याच्या वर चार मजले, आणि त्यातला चौथा! लिफ्ट नाही. ऐंशी पायऱ्या. गावातले लोक रविवारी आमची बिल्डिंग बघायला यायचे. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच पत्रात लिहिलं, "गॅलरीतून खाली वाकून बघू नये, घेरी येते." ह्यांची नोकरी इंजिनियरची, भोंगा वाजला की सायकलवर टांग मारून जायचे आणि यायचे ते यंत्रासारखे दमून. मला कानडीचा एक शब्द येत नव्हता. भाजीवाल्याला वांगं बोटानं दाखवायचं आणि तो काय म्हणतोय ते न कळता मान डोलवायची. चार महिन्यांत मी आठ किलोंनी उतरले आणि तोंडानं दुपटीनं वाढले, असं आमचे हे म्हणायचे.

समोरच्या दारात तुम्ही. निपाणीकडच्या, घरात मराठी, बाहेर कानडी, आणि सोवळ्याच्या इतक्या कडक की दुधाच्या बाटलीलाही आंघोळ घालूनच आत घ्यायचात. पहिल्या दिवशी माझी ट्रंक वर चढवताना मी हमालावर मराठीत ओरडले, आणि तुमचं दार उघडलं. "मराठी काय गं तू? बरं झालं बाई. वसंता नुसता हूं हूं करतोय, घरात बोलायला भिंत तेवढी हाय." तेव्हापासून दुपारी तीन वाजता तुम्ही माझ्याकडे यायचात. पुण्याचं वर्तमानपत्र पोस्टानं यायचं, दोन दिवस शिळं. ते पुढच्या खोलीत जमिनीवर पसरून, ओळीखाली बोट ठेवून तुम्ही मोठ्यानं वाचायचात आणि मी तांदूळ निवडत ऐकायची. मला त्या गावात आवडणारी तेवढी एकच वेळ होती.

मग राजा आला. कारखान्याच्या फाटकावरच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. ह्यांनी एक डब्याच्या पिशवीत घालून आणलं. दोन मुठींएवढं, तांबूस, पोट तेवढं टम्म. मी नाव ठेवलं राजा. तुम्ही दारातून बघितलंत, नाकाला पदर लावलात आणि म्हणालात, "हे कसलं राजा? हे तर ढब्बू." त्या घडीपासून त्याला दोन नावं पडली. त्यावरून आपण किती भांडलो! हा वाद मी सोडणार नाही. त्याचं नाव राजा आहे.

ते पिल्लू आलं आणि मी पहिल्यांदा त्या घरात हसले. हे खरं आहे म्हणून सांगते. दिवसभर कुणीतरी पायात घोटाळतंय, कुणाला तरी माझ्याच हातचं हवंय. पण ते मुतायचं, अक्का! जिथे बसेल तिथे. गुळगुळीत लाल जमीन, त्यावर चमकणारी तळी. आमच्या साताऱ्याला कुत्री अंगणात जन्मली, अंगणात मेली, त्यांना कुणी शिकवलं नाही. इथे अंगण ऐंशी पायऱ्या खाली. ह्यांनी लायब्ररीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, जमिनीवर वर्तमानपत्र पसरावं आणि पिल्लाला त्यावर करायची सवय लावावी. आमच्या घरात वर्तमानपत्र कुठलं, तर तेच.

तुम्ही कोपऱ्यात पसरलेला तो कागद बघितलात आणि दारातच थबकलात. "अगं, कागदाला पाय लागला तर आपण नमस्कार करतोय. आणि तू त्याच्यावर..." पुढचा शब्द तुमच्या तोंडून निघेना.

मी हसले. "शिळ्या बातम्या आहेत हो, अक्का."

"अक्षर शिळं होतंय काय?"

पण मी कोपऱ्यातला कागद काही काढला नाही, कारण पिल्लू चार दिवसांत शिकलं होतं. कागद दिसला की धावत जायचं आणि काम उरकायचं. मी ह्यांना फुशारकीनं सांगितलं, बघा, झालं की नाही? कागद कशासाठी आहे हे त्याला पक्कं कळलंय. इतकं पक्कं कळलं होतं, की पाचव्या दिवशी दुपारी तीन वाजता तुम्ही पुढच्या खोलीत कागद पसरलात, राशिभविष्यावर बोट ठेवलंत, आणि राजा आला. त्यानं एक गिरकी घेतली आणि तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्याच राशीवर कार्यक्रम केला.

"शिव शिव शिव!" म्हणत तुम्ही उठलात तो पदर ओला. चौथ्या मजल्याला नळ सकाळी तासभर. तुमच्या घरात दोन बादल्या पाणी होतं, ते तुम्ही दोन्ही डोक्यावर ओतून घेतलंत. संध्याकाळी चूल पेटली नाही, वसंता कॅन्टीनमध्ये जेवला. दुसऱ्या दिवशी राजानं तुमचं दार उघडं बघून काठीवर वाळत घातलेलं सोवळ्याचं लुगडं खाली ओढलं आणि जिन्याच्या मधल्या जागेत आणून त्यावर झोपला. तुमचं माझ्याकडे येणं बंद झालं. मीही ताठ. म्हटलं, एवढ्याशा पिल्लाचं काय घेऊन बसल्यात!

आणि मी त्याला माझ्या पद्धतीनं शिकवायला घेतलं. चुकला की कान धरायचा, नाक त्या ओल्यात घासायचं, ओरडायचं. पिल्लू शिकलं. घरातलं ओलं एकदम थांबलं. मी खूश. आठवड्यानं कळलं की पोर शहाणं झालं होतं; दार किलकिलं दिसलं की गुपचूप बाहेर सटकायचं आणि जिन्यात उरकून यायचं. तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या मजल्यावर, आणि एकदा तर खाली कमलम्माच्या दारातल्या ताज्या रांगोळीवर. कमलम्मानं खालून कानडीत मोठ्यानं काहीतरी म्हटलं. काय ते मला कळलं नाही, पण शिवी असणार असं मी धरून चालले.

चारच दिवसांनी क्वार्टर्सच्या ऑफिसातून कागद आला. रहिवाशांकडून तक्रार आली आहे, जिना घाण होतो, इन्स्पेक्टर येऊन पाहणी करतील, घाण आढळल्यास कुत्रं हलवावं लागेल. रहिवासी कोण ते लिहिलं नव्हतं. मला लिहायची गरजही वाटली नाही. रांगोळीवाली, दुसरं कोण! तुमच्यावर माझा संशय गेलाच नाही, अक्का. तुम्ही भांडाल, अबोला धराल, पण पाठीमागून अर्ज देणार नाही, असं मला वाटायचं. आता बोला.

त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "शालू, फाटकावर परत सोडू त्याला. तिथे त्याची आई आहे." शांतपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "त्याला त्याच्या आईकडे सोडा आणि मला माझ्या." आणि सकाळी खरोखरच ट्रंक काढली. रागानं नव्हे. मला कळून चुकलं होतं, की हे पिल्लू गेलं तर ह्या उंच खोक्यात मी राहू शकणार नाही. साड्या घातल्या, आईनं दिलेली चांदीची वाटी घातली. मी परत येणार नव्हते. हे मी ह्यांनासुद्धा आजवर सांगितलं नाही.

दार उघडंच होतं. तुम्ही फुलं घेऊन समोरून जात होतात. थांबलात, ट्रंकेकडे बघितलंत आणि आत गेलात.

इन्स्पेक्टर त्याच दिवशी दहा वाजता आले. कपाळावर उभं गंध, काखेत वही, सभ्य गृहस्थ. खालून एकेक मजला बघत चढत होते. मी सगळा जिना पहाटेच धुऊन काढला होता, आणि ते तिसऱ्या मजल्यावर पोचले तेवढ्यात ह्या गाढवानं माझ्या पायातून निसटून, तुमच्या आणि माझ्या दाराच्या बरोब्बर मध्ये, तळं केलं. मी त्याला उचलून आत फेकलं, दार ओढलं. पुसायला वेळ नव्हता. इन्स्पेक्टर वर आलेच. त्यांनी खाली बघितलं, नाक उडवलं आणि मला कानडीत काहीतरी विचारलं.

आणि तुमचं दार उघडलं. ओलेत्या सोवळ्यात, हातात तांब्या. तुम्ही त्यांना कानडीत ठासून जे सांगितलंत त्यातला एकच शब्द मला कळला. गोमूत्र. बाकीचं नंतर वसंतानं मला मराठीत सांगितलं: "हे मी शिंपडलंय. विधवा बाई आहे, सोवळं पाळते, रोज दारात गोमूत्र शिंपडते. कारखान्याची काही हरकत आहे काय?"

इन्स्पेक्टर एकदम वरमले. वही बगलेत मारली. चपला काढल्या. आणि मग, अक्का, तो भला माणूस खाली वाकला, त्या तळ्यात दोन बोटं बुडवली आणि श्रद्धेनं आपल्या दोन्ही डोळ्यांना लावली. उरलेलं डोक्याला.

मी तुमच्याकडे बघितलं. तुमचा चेहरा पांढराफटक. तुम्ही हात पुढे केला होतात, त्यांना अडवायला, पण अडवणार काय सांगून? त्यांनी तुम्हाला नमस्कार केला, वहीत लिहिलं आणि ऐंशी पायऱ्या उतरून गेले. मी आत जाऊन उशी तोंडात कोंबून हसले. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही.

तुम्ही मात्र हसला नाहीत. सोळा सोमवार उपास केलेत, त्यांच्या डोळ्यांसाठी. वसंताला रोज विचारायचात, "इन्स्पेक्टर बरे हायत काय? नीट दिसतंय काय त्यांना?" वर्षानं त्यांना चष्मा लागला तेव्हा तुम्ही धावत माझ्याकडे आलात, "लागला गं चष्मा! माझं पाप!" पन्नाशीच्या माणसाला चष्मा लागतोच, हे मी तुम्हाला शंभरदा सांगितलं. पटलं नाही ते नाहीच.

इन्स्पेक्टर येऊन गेले त्याच दिवशी संध्याकाळी चारला तुम्ही माझ्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिलात. "मी जन्मात एक खोटं बोलले. दुसरं बोलणार न्हाई. पुढच्या खेपेला इन्स्पेक्टर यायच्या आत ह्याला शिकवायचं. मी सांगतीय तसं करशील तर."

"सांगा," मी म्हटलं. एरवी मी 'सांगा' म्हणणारी नव्हे.

"पहिलं, नाक घासायचं बंद. तू ओरडलीस म्हणून त्याला काय कळलं? घाण करू नये, असं? न्हाई. शालूसमोर करू नये, एवढंच कळलं. म्हणून जिन्यात जाऊन करतंय. दुसरं, हे मातीचं जनावर. फरशीवर आणून ठेवलीस, त्याला काय कळतंय कुठलं घर आणि कुठलं परसू? ते मातीकडे जाऊ शकत न्हाई तर माती वर आण."

ह्यांच्या पुस्तकात ते पन्नास पानांत होतं. तुम्ही उंबऱ्यावर उभ्या राहून दोन वाक्यांत सांगितलंत.

मग मी कमरेला पदर खोचून तांबडी माती बादलीनं वर आणली. तीन खेपा. तुम्ही एक गळकं घमेलं दिलंत, ते माझ्या दाराबाहेर ठेवलं. झोपून उठला की घमेल्यात, जेवला की पाव तासानं घमेल्यात, खेळून दमला की घमेल्यात. तुम्ही आपल्या दारात पाटावर बसून हुकूम सोडायचात, मी त्याला उचलून ठेवायची. तुम्ही म्हणायचात "होगु, होगु", मी म्हणायची "जा, जा". तुमचं म्हणणं, शब्द एकच ठेव. माझं म्हणणं, मग मराठी ठेवा. शेवटी तो दोन्ही शिकला. आमच्या घरात कानडी आधी त्याला आली आणि मग मला. झालं की लगेच भाकरीचा तुकडा. तोही तुम्ही वरून टाकायचात, त्याच्या जिभेला बोट न लागता.

दर चार दिवसांनी घमेलं एक मजला खाली. ही युक्ती तर कुठल्या पुस्तकात नव्हती. "एकदम ऐंशी पायऱ्या कुणाला जमतायत? वीस-वीस शिकव." तिसऱ्या मजल्यावरचे मुदलियार घमेल्यावरून उडी मारून कामाला जायचे. दुसऱ्या मजल्यावर दोनदा फजिती झाली, पुन्हा वर चढवलं, पुन्हा चार दिवस. मी चिडायची. तुम्ही म्हणायचात, "स्वल्प धीर धर. तुला कानडी किती दिवसांत आलंय?" पहिल्या मजल्यावर ते घमेलं कमलम्माच्या दाराशी आलं, तेव्हा मी भांडायच्या तयारीनं पदर खोचून गेले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर तिनं रांगोळी हातभर बाजूला काढलेली, घमेल्याला जागा ठेवून. मी मनात म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं! अर्ज हिचाच.

आणि एका सकाळी राजा उठला, दाराशी जाऊन एकदा कण्हला, मी दार उघडलं तर सुसाट खाली. मी मागे, अनवाणी, वेणी सुटलेली. वरून तुमचा आवाज, "अगं तू पडशील, त्याला जाऊ दे!" तो सगळे मजले उतरून, फाटकाबाहेर झाडाखाली गेला आणि तिथे, खऱ्या जमिनीवर, निवांत उभा राहिला. मी तिथेच रस्त्यावर टाळ्या वाजवल्या. तुम्ही त्या दिवशी शिरा केलात, आणि म्हणालात की घरात केळी पिकली होती म्हणून केला. वाटी माझ्या हातात देताना खालच्या आवाजात विचारलंत, "ट्रंक रिकामी केलीस काय?"

मी म्हटलं, "केली."

"सरी, बरं," म्हणालात आणि दार लावून घेतलंत.

आपला दुसरा वाद तुम्हाला आठवतो ना? आठ वर्षांत तुम्ही राजाला एकदाही हात लावला नाहीत. बोटसुद्धा नाही. मी चिडवायची, "अक्का, ही कसली माया? लांबून भाकरी टाकायची!" तुम्ही म्हणायचात, "हात लावला म्हंजेच माया असतीय काय? तू तर दोन्ही हातांनी धरून त्याचं नाक घासत होतीस." पण तो वाद तुम्ही जिंकलात असं मी आजही म्हणणार नाही. एकदा पाठीवरून हात फिरवला असतात तर काय बिघडलं असतं? आंघोळ करून घेतली असती.

आणि हो, राजा तुमच्या दाराशी अन्नपाणी सोडून बसला आहे वगैरे मी लिहिणार नाही, कारण तसं काही नाही. तो दोन्ही वेळा नीट जेवतो. तुमचं दार बंद दिसलं की एकदा हुंगतो आणि खाली जातो. दुःख करायचं काम माझ्याकडे आहे.

काल मी कमलम्माकडे गेले. साठ पायऱ्या उतरायला मला अर्धा तास लागला, प्रत्येक मजल्यावर थांबून काय बोलायचं ते जुळवत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि तीही आठ वर्षं. दार तिनंच उघडलं. केस पिकलेत तिचे. मी कधी नीट बघितलंच नव्हतं. आता मला कानडी तुमच्याइतकी येते, पण तोंडातून एक वाक्य धड निघेना. मी कसंबसं म्हटलं, "तो अर्ज तुमचा नव्हता, मला आत्ता आत्ता कळलं."

ती म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं. अक्का त्याच आठवड्यात खाली आल्या होत्या. माझा हात धरला. म्हणाल्या, मी रागाच्या भरात अर्ज दिला, आणि ती पोरगी ट्रंक भरून बसली आहे. तिला तुझा संशय आहे. आत्ता खरं सांगितलं तर तिचं इथलं एकुलतं एक माणूसही तुटेल आणि ती जाईल. जरा रुळू दे तिला, मग मीच सांगते."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"सरी म्हटलं. मला चार मुलं, दोन जावा, माझ्याशी बोलायला सगळा मजला होता. तुम्हाला फक्त त्या होत्या."

"राग नाही आला माझा?"

"स्वल्प आला," ती म्हणाली आणि हसली. मग आत गेली, कॉफी घेऊन आली आणि मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी तुम्ही मला त्या गुरुवारीही सांगितली नाहीत. दर संक्रांतीला तुम्ही माझ्याकडून तिळगूळ जरा जास्तच मागून न्यायचात. मी म्हणायची, अक्का, दात नाहीत आणि एवढा कुठे संपवता? तो तुम्ही खाली नेऊन कमलम्माच्या हातावर ठेवायचात, "शालूनं दिलाय, गोड बोल म्हणालीय." आणि तिनं केलेलं तीळ-खोबऱ्याचं एळ्ळू वर आणून मला द्यायचात, "आमच्याकडचं बघ गं, कसं झालंय," म्हणून. आठ संक्रांती मी तिच्या हातचं खाल्लं, चांगलं झालंय म्हणून पुन्हा मागून खाल्लं, आणि जिन्यात तिच्याकडे पाठ फिरवली. तिच्या लेखी मी दरवर्षी एकदा गोड बोलत होते.

मी तिच्यासमोर रडले, अक्का. अगदी भोकाड पसरून. तुमच्या घरी दहा दिवस बसून एक टिपूस काढलं नव्हतं, ते सगळं तिथे निघालं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काही समजूत घातली नाही. बायका अशा असतात हे मला तुमच्यामुळे कळायला हवं होतं, कळलं उशिरा. आज सकाळी ती वर आली होती, उद्याच्या स्वयंपाकाला किती माणसं ते विचारायला. आम्ही दोघींनी मिळून डाळ निवडली.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, रागावले. अर्जासाठी नाही. राशीवर मुतलेलं कुत्रं, सोवळ्याचं लुगडं, दोन बादल्या पाणी. तुमच्या जागी मी असते तर अर्ज दोनदा दिला असता आणि वर सही ठळक केली असती. इतकी वर्षं लपवलंत त्यासाठीही आता नाही. ते काल खालीच संपलं. तुम्ही खोटं बोललात म्हणून मी इथे राहिले, भाषा शिकले, माझा संसार झाला. एवढं मोठं माझ्यासाठी माझ्या आईनंही केलं नाही, आणि हे तुम्हाला तोंडावर एकदाही सांगितलं नाही, ही चूक माझी आहे.

राग एवढाच आहे, की आठ वर्षं धीर धरलात आणि आणखी एक दिवस धरवला नाही तुम्हाला? तुमच्यावरचा माझा राग कधी तिसरा दिवस ओलांडत होता? गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवारी मी आलेच असते, अक्का.